ड्युटीवर असलेला वाकस

आमच्या वर्कशॉपमध्ये रोज संध्याकाळी परेड व्हायची. माणसांची नव्हे, हत्यारांची. बहरीनमध्ये तुबलीच्या खाडीलगत गॅरेजांची रांग आहे, तिच्या टोकाला आमची पत्र्याची शेड. सित्र्याच्या कारखान्यांना लागणारे मोठाले व्हॉल्व्ह आणि पंप ज्या लाकडी पेट्यांतून जातात, त्या पेट्या आम्ही बनवतो. काम असं की कुणाला कविता सुचू नये. पण सुट्टीच्या आधी दिवसभराचा भुसा झाडून झाला, की सगळी माणसं एका भिंतीसमोर ओळीत उभी राहायची आणि मेस्त्री हत्यारांची हजेरी घ्यायचे.

त्या भिंतीवर पांढरा रंग दिलेलं एक भलंमोठं प्लायवुड होतं. प्रत्येक हत्याराची खुंटी ठरलेली, आणि खुंटीखाली त्या हत्याराचा आकार काळ्या रंगाने काढलेला. मेस्त्री खणखणीत आवाजात नाव घेत, "रंधा", "पटाशी", "गिरमिट". ते हत्यार ज्याने वापरलं असेल त्याने "हाजिर" म्हणायचं आणि पुढे होऊन ते आपल्या आकारावर टांगायचं. केरळचा असो, पेशावरचा असो की तेलंगणाचा, सगळ्यांना हत्यारांची मराठी नावं तोंडपाठ झाली होती. मी ऑफिसच्या काचेतून हे पाहायची आणि हसू दाबायची. शाळेतल्या बाई आणि पहिलीचा वर्ग, दुसरं काही नाही.

हजेरीत एक नाव असं यायचं की ज्याला कुणीच पुढे व्हायचं नाही. "वाकस." वाकस म्हणजे सुताराचं लाकूड तासायचं हत्यार, लहानशा कुदळीसारखं आडव्या पात्याचं. बोर्डावर त्याचा आकार होता, खुंटी होती, पण वाकस नव्हता. नाव घेऊन मेस्त्री क्षणभर थांबत, मग स्वतःच उत्तर देत, "ड्यूटी पर है." आणि पुढचं नाव घेत.

मी पुण्याची. नको तिथे प्रश्न विचारायची खोड आमच्या पाण्यातच आहे. नोकरीला लागून आठवडा झाला नसेल, मी विचारलं की मेस्त्री, तो वाकस हरवलाय तर त्याची जागा पुसून का टाकत नाही. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "हरवूक नाय गो बाये. ड्युटीर असा." त्यांच्या मालवणीत रागाचा मागमूस नव्हता. सूर्य पूर्वेला उगवतो हे सांगावं तसं सांगितलं आणि रंध्याचं पातं पुसायला लागले.

ते वेंगुर्ल्याकडचे. घरी पिढ्यान्‌पिढ्या होड्यांचं काम. कोवळ्या वयात सैन्यात गेले ते पूल बांधणाऱ्या पलटणीत, सुतार म्हणून. एकाहत्तरच्या लढाईत बंगालच्या सीमेवर होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि मग इकडे आखातात आले. सडपातळ, उंच, मिशी पिकलेली पण काठ धरून कापलेली, पायात बारा महिने बूट. ऑगस्टात इथे डांबर वितळायला येतं, तेव्हासुद्धा बूटच. चपला घातलेल्या माणसाशी ते कामाचं बोलत नसत. चहा एनॅमलच्या मगात. मगाचा कान एकदा तुटला होता, त्याला त्यांनी लाकडाचा कान बसवला होता आणि तो मूळच्या कानापेक्षा सरस होता, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. विनय नावाचा पदार्थ त्यांनी कधी चाखला नव्हता. माझ्यावाचून ती लढाई झाली नसती, असं ते चारचौघांत म्हणत आणि समोरचा हसला तर पुन्हा एकदा म्हणत.

लढाईच्या गोष्टी ऐकायला बसावं तर आपली निराशा व्हायची. तोफा नाहीत, विमानं नाहीत. "सांग बघू, लढायेत सगळ्यात जास्ती काय मोडता?" असं ते विचारत. आपण म्हणावं माणसं, पूल, घरं. ते मान हलवत. "दांडे." फावड्याचे दांडे, कुदळीचे दांडे, स्ट्रेचरचे दांडे, स्वयंपाक्याच्या उलथन्याचा दांडा. चिखलात रुतलेली गाडी काढायला फावडं लावलं की दांडा गेला. मग सगळे म्हणणार, बोलवा मेस्त्रीला. बंदुकीला गोळी नसली तर सैनिक दोन दिवस वाट पाहतो, पण फावड्याला दांडा नसला तर त्याला खंदक मिळत नाही, आणि खंदक नाही तर सैनिक नाही. हे त्यांचं युद्धशास्त्र होतं. मला त्यात आजही खोट काढता आलेली नाही.

दांडा बसवायची त्यांची एक रीत होती. हात पाहिल्याशिवाय दांडा नाही. तुम्ही मूठ वळायची, ते तिच्याभोवती बोटं फिरवणार, तुमच्या अंगठ्याची लांबी आपल्या बोटाने मापणार, मग लाकूड निवडणार. जिथे अंगठा टेकतो तिथे ते एक खाच घालत. अंधारात हत्यार उचललं तरी धार कुठल्या बाजूला आहे ते अंगठ्याला कळावं म्हणून. सीमेवर दिवा लावायची सोय नव्हती, तेव्हाची ही सवय. पण आता जिदहफ्सपासून मनामापर्यंत मराठी घरांतल्या सुऱ्या, हातोड्या, कुकरच्या मुठी, सगळ्यांना ती खाच आहे. आमच्याकडे दिवे भरपूर आहेत, तरी अंगठा आपोआप तिथेच जातो.

माझ्या लाटण्याची गंमत झाली. मी त्यांना लाटणं करून मागितलं आणि हात पुढे केला. त्यांनी विचारलं, चपात्ये कोण करता, तू की घोव? मी खरं ते सांगितलं, की माझ्या चपात्या नकाशासारख्या होतात म्हणून नवराच लाटतो. "मगे तेका हाड," म्हणाले, म्हणजे मग त्याला आण. नवरा रिफायनरीत इंजिनीयर, कंपनीच्या बसमधून उतरून थेट शेडमध्ये आला आणि हेल्मेट काखेत धरून मूठ वळून उभा राहिला. लाटणं त्याच्या हाताचं झालं. त्यामुळे मला आयुष्यभराची सबब मिळाली, की माझ्या हाताचं नाही, मला येत नाही. मेस्त्रींचे माझ्यावर अनेक उपकार आहेत, त्यातला हा सगळ्यात मोठा.

एका सव्वीस जानेवारीला आमच्या मंडळाने त्यांना बोलावलं. वीर जवान म्हणून सत्कार, शाल, नारळ, आणि मुलांसमोर चार शब्द. मुलं सगळी इंग्लिश शाळेतली, मराठी कळतं पण उत्तर इंग्लिशमध्ये. मेस्त्री कोट घालून, छातीवर पदकं लावून आले, आणि हातात फावड्याचा एक दांडा. एका मुलाने विचारलं, अंकल, तुम्ही किती शत्रू मारले? सभागृहातले आईवडील सरसावून बसले. मेस्त्रींनी दांडा जमिनीवर टेकवला आणि म्हणाले, "नो शूटिंग. ओन्ली फिटिंग." मोठी माणसं गोंधळली, पण मुलांना ते फार आवडलं. त्यांनी एकेका मुलाला पुढे बोलावून मूठ वळायला लावली. चार शब्दांच्या ठिकाणी कार्यक्रम तासभर लांबला आणि सत्काराचा नारळ शेवटी शेडमधल्या आमटीत गेला.

मेस्त्रींची एकच गोष्ट लोकांना खटकायची. ते कुणाला हत्यार उसनं देत नसत. शेडमध्ये काय वापरायचं ते वापरा, दाराबाहेर खिळासुद्धा जायचा नाही. शेजारच्या गॅरेजवाल्यांना त्यांचं उत्तर पाठ होतं, "मफी उसनवारी." मफी म्हणजे इथल्या अरबीत नाही. एकदा आमच्या बहरीनी मालकांचा ड्रायव्हर आला. साहेबांच्या घरी तसबीर लावायची आहे, हातोडा द्या. मालकांना नाही म्हणायची आमची कुणाची छाती नव्हती. मेस्त्रींनी हातोडा घेतला, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले, मालकांच्या दिवाणखान्यात खिळा ठोकला, तसबीर सरळ आहे ना ते लांबून पाहिलं, कॉफी घेतली आणि हातोडा मांडीवर ठेवून परत आले. मालक पुढे कितीतरी दिवस ही गोष्ट पाहुण्यांना सांगत होते.

आणि होते चाचा. बांगलादेशातले, आमच्याकडे लोखंडी पट्ट्या आणि वेल्डिंगचं काम करायचे. वयाने मेस्त्रींहून बरेच लहान, पण दाढी पांढरी म्हणून सगळे चाचा म्हणत. या दोघांचं रोज दहाच्या चहाला भांडण. विषय ठरलेला, लढाई कुणी जिंकली. मेस्त्री एकाहत्तरची लढाई म्हणत, चाचा मुक्तिजुद्धो. चाचा तेव्हा लहान पोर होते, नदीकाठच्या गावातून आईच्या बोटाला धरून पळाले होते, तेव्हा बोलायचा हक्क त्यांनाही होता.

"आप का लडाई तेरा दिन," चाचा म्हणायचे. "हमारा नौ महीना."

मेस्त्री म्हणायचे, त्या तेरा दिवसांच्या आधी सहा महिने होड्या कुणी दुरुस्त केल्या? मग चाचा बिडी विझवत म्हणत, की हमारे मिस्त्री ने, आपने तो बस एक बसुला दिया. बसुला म्हणजे वाकसच. एवढं झालं की मेस्त्री गप्प बसत आणि चहा संपे. रोज. भांडणाचा शेवट त्या एकाच शब्दावर का होतो ते मला कित्येक महिने कळलं नव्हतं.

कळलं ते तुकड्यातुकड्यांनी, पेट्यांची मापं घेताना, मशीन बंद पडलेलं असताना, कधी चाचांच्या तोंडून तर कधी स्वतः मेस्त्रींच्या. ते असं.

युद्ध जाहीर व्हायच्या आधीचा पावसाळा. सीमेवर एका नदीकाठी पलटणीने तळ टाकलेला. पलीकडून बंडखोर पोरं मोडक्या होड्या घेऊन यायची, त्या दिवसभरात दुरुस्त करून हव्या असायच्या. मेस्त्री होडीवाल्यांच्या घरचे, म्हणून साहेबांनी त्यांना या कामावर लावलं. त्या पोरांबरोबर त्यांचा स्वतःचा होड्यांचा मिस्त्री होता. काळासावळा, लुंगी खोचलेली, बंदूक मेणकापडात गुंडाळून फणसाच्या बुंध्याला टेकवलेली. दिवसा हातात करवत, संध्याकाळ झाली की खांद्यावर बंदूक. त्याच्या दृष्टीने ती दोन कामं वेगळी नव्हतीच.

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पण लाकडावरून भांडायला भाषा लागत नाही. फळी चांगली की वाईट हे तो बोटाने ठोकून कान लावून ठरवायचा, मेस्त्री वास घेऊन. कोकणात फळ्या खिळ्यांनी जोडतात, त्यांच्याकडे लोखंडाच्या चपट्या पट्ट्या वाकवून, स्टेपलरच्या टाचणीसारख्या. लोखंड कुठून आणायचं? तर गोळ्यांच्या पेट्यांना बांधलेल्या पट्ट्या कापायच्या आणि त्यांच्या टाचण्या करायच्या. गोळ्या पोरांच्या पिशवीत, पट्ट्या होडीत. सकाळी रंध्याच्या सालींवर चहा उकळायचा. मेस्त्री रेशनमधला गूळ द्यायचे, तो नदीतला मासा शिजवायचा, मोहरीच्या तेलात, नारळाशिवाय. नारळाशिवायच्या त्या कालवणाबद्दल मेस्त्री बोलत तेव्हा युद्धाबद्दल बोलतानापेक्षा जास्त चिडत. पण सहा महिने तेच खाल्लं, हेही सांगत. त्या दिवसांबद्दल बोलताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ तोच असावा असं मला वाटायचं. अवतीभवती माणसं मरत होती आणि हा माणूस फळीचा वास घेत होता.

त्या मिस्त्रीच्या लोकांत एक रिवाज होता. होडी ज्याने बांधली, पाण्यात पहिल्यांदा त्यानेच बसायचं. मोठी होडी तयार झाली, तिच्यातून पोरं पलीकडे जाणार होती, तेव्हा हाही चढला. तळाची एक फळी नवी होती, ओल्या लाकडाची. मध्येच उघडली तर तासून पाचर मारावी लागेल, म्हणून त्याने खुणेने मेस्त्रींचा वाकस मागितला. उगवत्या सूर्याच्या दिशेला बोट दाखवलं, सकाळी आणून देतो. मेस्त्रींनी दिला.

सकाळी होडी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग युद्ध जाहीर झालं आणि पलटण पुढे सरकली. प्रत्येक नदीवर पूल बांधताना मेस्त्री काठावरच्या होड्या पाहत. आपली घडण कुठे दिसते का, ओल्या लाकडाची ती फळी कुठे दिसते का. दिसली नाही. लढाई संपल्यावर सामानाची मोजदाद झाली, वाकस कमी. साहेब भला माणूस होता, म्हणाला लढाईत हरवला म्हणून लिहून मोकळा हो. मेस्त्री म्हणाले, हरवला नाही, उसना दिलाय, येईल. साहेबाने समजावलं, दरडावलं, शेवटी वैतागून किंमत पगारातून कापली. पण हरवला असं मेस्त्रींनी म्हटलं नाही ते नाहीच. त्यानंतर जिथे जिथे त्यांचा बोर्ड लागला, तिथे तिथे वाकसाची जागा निघाली आणि ती रिकामी राहिली.

हे सगळं मला ठाऊक होतं, तरी मी त्याला म्हाताऱ्याचं वेड समजत होते. नवे मॅनेजर आले तेव्हा माझे डोळे उघडले.

मॅनेजर मुंबईचे, तरुण, नीटनेटके, माणूस वाईट अजिबात नव्हता. मेस्त्रींची साठी झाली होती आणि कंपनी व्हिसा वाढवणार नव्हती. महिनाभरात त्यांना घरी जायचं होतं. मॅनेजरना वाटलं, एवढी वर्षं राबलेल्या माणसाला काहीतरी मनासारखं द्यावं. त्यांनी विचारपूस केली, तर कुणीतरी सांगितलं की मेस्त्रींचा एक वाकस हरवलाय आणि त्याचं त्यांना फार दुःख आहे. मॅनेजरनी परदेशातून एक उत्तम वाकस मागवला, चकचकीत पोलादाचा, आणि सकाळी कुणी यायच्या आत स्वतःच्या हाताने त्या रिकाम्या जागेवर टांगला. वर एक लाल रिबीन बांधली.

मेस्त्री आले, बोर्डासमोर उभे राहिले, रिबिनीकडे पाहिलं आणि बाहेर निघून गेले. दिवसभर काम केलं नाही. लाकडाच्या ढिगावर खाडीकडे तोंड करून बसून राहिले. ओहोटी होती, चिखलाचा वास येत होता. संध्याकाळी माणसं सवयीने ओळीत उभी राहिली, पण हजेरी झाली नाही. मॅनेजर गोंधळून माझ्याकडे आले की मॅडम, माझं काय चुकलं? मी म्हटलं बघते.

मी मेस्त्रींशेजारी जाऊन बसले. त्यांच्या हातात चहाचा मग होता, चहा केव्हाच गार झालेला. मी म्हटलं, मेस्त्री, बिचाऱ्याने चांगल्या मनाने केलंय, तुम्ही असं का मनाला लावून घेता? त्यांनी गार चहा खाली ओतून टाकला. मग माझ्याकडे न बघता बोलले.

"जागो भरलो, तर तो कित्याक परत येतलो?"

 ते म्हणाले, "तेवा साहेबाक वाकस हरवलो म्हणान लिवन दिलंय असतंय, तर तो मिस्त्री मेलो असा लिवल्यासारख्या झाला असता." तो मेला असेल, हे मला काय कळत नाही? नदीत होडी बुडाली असेल, गोळी लागली असेल, सगळं खरं असेल. पण ते मी का सांगू? माझ्याकडून तरी तो परत यायचा आहे. इतकी वर्षं मी त्याची जागा राखली. आता मी जाणार आणि दुसऱ्या दिवशी तिथे कुणीतरी टोपी अडकवणार. ते म्हणाले की मला पेन्शनची काळजी नाही, घराची नाही, एवढ्या एकाच गोष्टीची आहे.

मला रडू आलं. खाडीच्या वासाने डोळ्यांत पाणी येतं असं मी त्यांना सांगितलं आणि त्यांनी ते मानलं, कारण ते सभ्य गृहस्थ होते.

मॅनेजरना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, मॅडम, मला वाईट वाटतंय, पण बोर्डावर रिकामी जागा ठेवायची नाही असा आता नियम आहे, बाहेरून तपासणीला लोक येतात. मी म्हटलं, सर, तुमच्या टेबलावर तुमच्या वडिलांचा फोटो आहे. फ्रेम चांगली आहे, त्यात दुसऱ्या कुणाचा लावू का? माझं बोलणं जरा जास्तच झालं, पण मला त्याचा पश्चात्ताप नाही. मॅनेजर फोटोकडे पाहत राहिले. एवढ्यात चाचा दारात आले. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं होतं. त्यांच्या हातात काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश होता. म्हणाले, नया बसुला को नया जगह दे दो, बात खलास.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या जागेच्या शेजारी चाचांनी नवीन आकार काढला आणि नवा वाकस तिथे टांगला. जुनी जागा होती तशी मोकळी. मेस्त्री आले, चष्मा लावून चाचांनी काढलेली रेघ पाहिली, वाकडी आहे म्हणाले, खरवडून पुन्हा स्वतः काढली. मग नव्या वाकसाची धार बोटावर पारखली आणि मला म्हणाले, "रंगरूट असा. शिकतलो." त्या संध्याकाळी हजेरी झाली.

शेवटच्या दिवशी मात्र शेडमध्ये कुणाचं कामात लक्ष नव्हतं. मेस्त्रींनी आपला रंधा बोर्डावरून काढून बॅगेत ठेवला होता. तो त्यांच्या वडिलांचा, त्यांचा स्वतःचा. बाकी सगळं इथेच. हजेरीला मॅनेजरही ओळीत येऊन उभे राहिले, पायात बूट घालून. मी नेहमीप्रमाणे काचेआड. मेस्त्रींनी एकेक नाव घेतलं. पटाशी, हाजिर. गिरमिट, हाजिर. मग वाकस म्हणाले आणि थांबले. ते नेहमीच थांबत, पण या वेळी जरा जास्त थांबले. उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. 

तेव्हा ओळीतून चाचा म्हणाले, "ड्यूटी पर है. आएगा."

मेस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं.  मेस्त्रींनी मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं. विमानतळावर निघताना त्यांनी चाचांना एकच सूचना दिली, की पोरांना चपला घालून ओळीत उभं राहू देऊ नको.

परेड चाचांनी चालू ठेवली. मेस्त्रींच्या रंध्याची जागाही त्यांनी पुसली नाही. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी "रंधा" म्हटलं आणि स्वतःच उत्तर दिलं, छुट्टी पर है. सगळे हसले. ते उत्तर मग कायमचं ठरलं. वाकस ड्युटीवर, रंधा सुट्टीवर. मी वेंगुर्ल्याला फोन लावला की मेस्त्री आधी तेच विचारायचे, रंधो अजून सुटयेर असा ना? आहे म्हटलं की समाधानाने खोकायचे. मग मला माझ्या चपात्यांबद्दल विचारायचे आणि मी विषय बदलायचे. अशी बरीच वर्षं गेली. मॅनेजर बदलले, तपासणीला येणारे लोक बदलले, पण प्रत्येक नव्या माणसाला त्या रिकाम्या जागांची गोष्ट कुणी ना कुणी सांगायचं आणि तोही मग त्यांना हात लावायचा नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. मेस्त्री गेले. त्रास काही झाला नाही, दुपारी जेवून पडवीत आडवे झाले आणि उठले नाहीत. रंधा उशाशी होता. मुलगा म्हणाला, मी गेलो की तिकडे बहरीनला कळवा असं सारखं म्हणायचे.

मला सांगायचंच होतं. दिवसभर मी ऑफिसातून उठले की शेडच्या दारापर्यंत जायची आणि परत यायची. चाचा पेटीला पट्टी मारत होते, आता त्यांचीही साठी जवळ आलेली. त्यांच्याशी मी काय बोलणार होते? तुमचा भांडणारा गेला म्हणून? 

संध्याकाळी भुसा झाडून झाला, माणसं ओळीत उभी राहिली. इतक्या वर्षांत मी त्या ओळीत कधी उभी राहिले नव्हते. त्या दिवशी काचेचं दार उघडून बाहेर आले आणि शेवटी जाऊन उभी राहिले. चाचांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. नावं घ्यायला लागले. पटाशी, हाजिर. गिरमिट, हाजिर. वाकस, ड्यूटी पर है. मग रंधा म्हणाले, आणि नेहमीचं उत्तर द्यायच्या ऐवजी माझ्या तोंडाकडे पाहत थांबले.

मी म्हटलं, "ड्यूटी पर है."

चाचांनी डोळे मिटले आणि उघडले. बाकीच्या माणसांना काहीतरी बदललंय एवढंच कळलं, कुणी हसलं नाही. मग चाचांनी पुढचं नाव घेतलं, हातोडा. ओळीतून कुणीतरी हाजिर म्हणालं आणि हातोडा जागेवर गेला.